गीझर ठिबकतो म्हणून कोणी व्हॉल्व्हला बूच मारू लागला तर हात धरा

घरात दिवसा वयस्कर माणसं एकटी असतील तर हे जरूर वाचा. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. आमच्या १५ लिटरच्या गीझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकायचं. मी ऑफिसात असताना सासूबाईंनी इंटरनेटवर सापडलेला 'कस्टमर केअर'चा नंबर लावला. तासाभरात कंपनीचा टी-शर्ट घातलेले दोघं दारात. "आजी, टाकीला आतून चीर गेलीय, अंघोळ करताना करंट बसेल." एवढं ऐकल्यावर ती माउली काय बोलणार? टाकीचं वेल्डिंग आणि नवी कॉइल म्हणून ४,८०० रुपये घेतले. पावती म्हणजे वहीच्या कागदावर नुसता आकडा.

ठिबकणं थांबलं, त्यामुळे मीही गप्प बसले. चौथ्या दिवशी गीझर चालू असताना खालच्या झाकणातून गरम पाण्याची चिळकांडी उडाली. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने आधी मेन बंद केला, मग वर बघून म्हणाला, "ताई, हे तोंड कोणी बुजवलं?" व्हॉल्व्हच्या ज्या तोंडातून थेंब पडायचे, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून प्लास्टिकचा प्लग पिळून बसवला होता.

पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ वर गेलं की जवळपास पाव लिटर वाढतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ते मागे लाइनीत जाऊ देत नाही, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह ते थेंबाथेंबाने बाहेर सोडतो. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली आलं की साधारण १ बार दाब वाढतो, त्यामुळे टॉवरच्या खालच्या मजल्यांवर हे जास्त दिसतं. म्हणजे आमचा गीझर बिघडलाच नव्हता! वाट बुजवल्यावर नुसतं खालच्या झाकणाचं गॅस्केट (रबरी सील) गेलं, हे नशीब. त्यात पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट अडकला असता तर टाकीसुद्धा फुटू शकली असती. पैशाचं सोडा, पण सासूबाई त्या गीझरखालीच पाटावर बसून अंघोळ करतात, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

वेल्डिंगही खोटं. आतून काचेचा लेप असलेल्या टाकीला घरी वेल्डिंग होतच नाही, लेप जळून जातो. आणि कॉइलच्या नटांवरचा गंज तसाच होता, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही.

पाणी तापतानाच ठिबकत असेल तर घाबरू नका. गीझर बंद करूनही व्हॉल्व्ह गळतच असेल तर त्यात कचरा अडकलाय किंवा लाइनीचा दाब जास्त आहे. खालच्या झाकणातून पाणी आलं तर मात्र लगेच मेन स्विच बंद करा. नंबर वॉरंटी कार्डावरचाच लावा आणि काढलेला जुना पार्ट हातात मागून घ्या. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे.

आता व्हॉल्व्हला छोटी नळी जोडून खाली एक मग ठेवलाय. सकाळी त्यात थोडं पाणी जमलेलं दिसलं की मगच सासूबाई अंघोळीला बसतात.