घरी दुरुस्त केलेली हेलिओस ४४-२ : वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

मामांच्या झेनिट कॅमेऱ्यावरची हेलिओस ४४-२ ही लेन्स गेल्या वर्षी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यातून पलीकडचे धड दिसतही नव्हते. गंगेलगतच्या जुन्या वाड्यात (गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात) ती कित्येक पावसाळे चामड्याच्या पेटीत बंद होती. चामडे ओल धरून ठेवते, आणि बुरशीला त्याहून सोयीची जागा नाही. पुढच्या भिंगाच्या आतल्या बाजूला कोळिष्टकासारखे पांढरे तंतू पसरले होते, फोकसचे कडे जोर लावूनही हलत नव्हते आणि अ‍ॅपर्चरच्या (प्रकाश आत सोडणाऱ्या, लहान-मोठ्या होणाऱ्या छिद्राच्या) पात्यांवर तेलाचा तवंग आला होता. एका दुरुस्तीवाल्याने ती न उघडताच परत दिली, म्हणून मी ती घरी उघडली. वर्षभर वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ज्यांना जुन्या लेन्सची दुरुस्ती स्वतः शिकायची आहे त्यांनी सुरुवात याच लेन्सने करावी.

याचे कारण तिच्या बांधणीत आहे. कार्ल झाइस येना या जर्मन कंपनीच्या ५८ मिमी एफ २ बायोटार लेन्सवर बेतलेली ही सोव्हिएत लेन्स झेनिट कॅमेऱ्यांसोबत फार मोठ्या संख्येने बनली. त्यामुळे ती आजही मिळते आणि एखादा भाग हातून बिघडला तर दुसरी मोडकी लेन्स घेऊन तो बदलता येतो. चार गटांत सहा भिंगे, आठ पाती आणि मागे एम ४२ चे (लेन्स कॅमेऱ्यावर फिरवून बसवण्याचे) आटे, एवढाच तिचा संसार आहे. अ‍ॅपर्चर प्रीसेट पद्धतीचे आहे, म्हणजे एका कड्याने एफचा आकडा (तो जितका लहान तितके छिद्र मोठे) ठरवायचा आणि दुसऱ्या कड्याने पाती उघडायची किंवा मिटायची. कॅमेऱ्याने आत दाबावी अशी पिन तिच्यात नाही, त्यामुळे पाती आपोआप मिटवणारी यंत्रणाही नाही. नंतरच्या ४४-एम मालिकेत ती यंत्रणा आली आणि पुढच्या काही आवृत्त्यांत पाती आठांची सहा झाली. त्या लेन्स हात बसल्यावर उघडाव्यात.

हत्यारे थोडीच लागतात, पण त्यांतल्या एकात काटकसर करू नये. दोन टोकांचा लेन्सचा पाना घेताना त्याची टोके स्क्रूने घट्ट आवळता येतात की नाही, हे आधी पाहावे. माझ्या पहिल्या, स्वस्तातल्या पान्याची टोके जोर लावताच फाकली आणि मागच्या कड्यावर कायमचा ओरखडा उमटला. तो ओरखडा भिंगापासून दोन मिलिमीटरवर आहे, आणि आजही लेन्स हातात घेतली की माझे लक्ष आधी तिकडेच जाते. बारीक स्क्रूड्रायव्हर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल महात्मा गांधी रोडवर, मोबाइल दुरुस्तीचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळाले. अ‍ॅडॉप्टर (ही लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर बसवणारे कडे) सोडून एकूण खर्च हजार रुपयांच्या आसपास झाला.

फोकसच्या कड्यावर तीन बारीक स्क्रू असतात. ते रंगाने जाम झाले असतील तर टूथपिकच्या टोकाने अ‍ॅसिटोनचा एक थेंब सोडावा आणि थोडा वेळ थांबावे. अ‍ॅसिटोन तिथून पुढे जाऊ देऊ नये, कारण ते आकड्यांचा रंग उडवते आणि जोडभिंगांना (एकमेकांना चिकटवलेल्या भिंगांना) धरून ठेवणारा चिकटपदार्थही सैल करू शकते. फोकसचे आटे मात्र या कामातला सर्वांत नाजूक टप्पा आहे. हे आटे एकाहून अधिक जागी सुरू होतात. दोन नळकांडी नेमकी कोणत्या बिंदूवर एकमेकांपासून सुटली, त्याची खूण दोन्हींवर केली नाही, तर परत बसवताना ती चुकीच्या आट्यात शिरतात, कडे अगदी सुरळीत फिरते आणि तरीही अनंतावर (खूप दूरच्या वस्तूंवर) फोकस होत नाही. मी खूण केली नव्हती. जुने, मेणासारखे घट्ट झालेले ग्रीस लायटरच्या इंधनाने धुऊन, नवे ग्रीस अगदी पातळ लावून लेन्स जोडली आणि गच्चीवर गेलो, तर पांडवलेणीचा डोंगर अनंताच्या खुणेवर धूसरच दिसत होता. पुन्हा सगळे सोडवून चौथ्या प्रयत्नात डोंगराची कड स्वच्छ उमटली. ज्यांच्या गच्चीवरून डोंगर दिसत नाही त्यांनी चंद्रावर फोकस तपासावा.

बुरशीचा मजकूर सविस्तर लिहायला हवा, कारण नाशिकच्या पावसाळ्यात अनेकांच्या कपाटात हेच घडत असणार. बुरशी काच खात नाही. काचेवर बसलेली धूळ, बोटांचा तेलकटपणा आणि हवेतली ओल यांवर ती वाढते, आणि वाढताना जी आम्ले सोडते ती आधी वरचे कोटिंग (काचेवरची चमक कमी करणारा पातळ थर) आणि मग काचसुद्धा कोरतात. म्हणून तंतू पुसले जातात, पण त्यांनी कोरलेली नक्षी राहते, आणि उशीर जितका जास्त तितकी ती खोल जाते. औषधांच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समप्रमाणात, लागेल तेवढेच एकत्र करून, कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने भिंगावर फिरवले. काही मिनिटांत तंतू सुटले. हे काम खिडक्या उघड्या ठेवून करावे, उरलेले मिश्रण झाकणबंद बाटलीत साठवू नये कारण त्यातून वायू सुटत राहतो, आणि ब्लीचिंगचे कोणतेही द्रव्य त्याच्या जवळपास आणू नये. नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि शेवटी अल्कोहोल, मधून कडेकडे गोल फिरवत. जोडभिंगे कशातही बुडवून ठेवू नयेत. प्रत्येक भिंग काढताना पुढची बाजू कोणती हे कागदावर लिहून ठेवावे. उलटे बसलेले भिंग लेन्स पूर्ण जोडल्यावरच लक्षात येते.

माझ्या लेन्समधले सगळे तंतू गेले, परंतु पुढच्या भिंगाच्या आतल्या पृष्ठभागावर बाजरीच्या दाण्याएवढा एक डाग राहिला. तिथले कोटिंग गेले आहे आणि ते घरी परत देता येत नाही. सर्वसाधारण प्रकाशात त्याचा परिणाम मला एकाही छायाचित्रात सापडलेला नाही.

आता ती चालते कशी? एफ २ वर मध्यभाग पुरेसा स्पष्ट, कडा मऊ, आणि पाठीमागे पाने असली की ती चेहऱ्याभोवती गरगरत असल्याचा भास होतो. चौकटीच्या कडेला अंधुक ठिपके गोल न राहता मांजराच्या डोळ्यासारखे निमुळते होतात, त्यामुळे ही भोवऱ्याची घडण दिसते. गिरणाऱ्याकडे द्राक्षाच्या मांडवाखाली, माणूस दोन मीटरवर आणि पाने बरीच मागे, असे काढलेले चित्र या लेन्सचे खरे स्वरूप दाखवते. मोकळ्या भिंतीसमोर ती इतर ५८ मिमी लेन्ससारखीच वागते. दुतोंड्या मारुतीच्या दगडावरचा शेंदूर एफ ५.६ वर जसा उमटला, तसा तपशील मला अपेक्षित नव्हता. सूर्य समोर असताना मात्र तिची मर्यादा उघड होते. कोटिंग साधे आहे. सकाळी रामकुंडावर उन्हाच्या दिशेने काढलेल्या चित्रांत काळा रंग राखाडी झाला. ४९ मिमीच्या आट्यांवर बसणारे हूड (बाजूचा प्रकाश अडवणारे नळकांडे) लावल्यावर बराच फरक पडला, म्हणून ते लेन्ससोबतच घ्यावे.

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर साधे अ‍ॅडॉप्टर पुरते. लेन्स बसते त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे एम ४२ चे अंतर ४५.४६ मिमी आणि कॅनन ईएफचे ४४ मिमी असल्याने तिथेही ती चालते. निकॉन एफचे अंतर ४६.५ मिमी असल्यामुळे आत भिंग नसलेल्या अ‍ॅडॉप्टरवर दूरचे फोकस होणार नाही. लग्नाच्या मांडवात हाताने फोकस करण्याइतका वेळ मिळत नाही, त्यामुळे त्या कामासाठी मी ती नेत नाही.

चामड्याची पेटी मी मामांच्या आठवणीसाठी वेगळी ठेवली आहे. लेन्स आता सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणाऱ्या छोट्या मीटरसह हवाबंद डब्यात असते, आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील याची मी काळजी घेतो. ज्यांना अशी लेन्स विकत घ्यायची आहे त्यांनी पाती पूर्ण उघडून मागून टॉर्च मारावा. घट्ट कडे, तेलकट पाती, भिंगांवरचे तंतू, यांपैकी काहीही दिसले तरी घ्यायला हरकत नाही. पण चिकटवलेल्या दोन भिंगांच्या मधोमध ढगाळ थर दिसला, तर तो नग परत ठेवावा, कारण तिथपर्यंत घरातले कोणतेही हत्यार पोचत नाही.