सीबर्ग व्ही-२०० ज्यूकबॉक्स: गोव्याच्या विजेवर आणि पावसात कसा टिकतो

जुना ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकून निवडलेलं गाणं वाजवणारं यंत्र, घ्यायला येणारा माणूस पुढून बघतो. क्रोमची पट्टी, काचेचा घुमट, आतले दिवे, आणि नावांच्या चिठ्ठ्यांचा फिरता ढोल. व्ही-२०० मध्ये हे सगळं देखणं आहेच. पण किंमत ठरवायची ती मागचं दार उघडून. या यंत्राची खरी कमाई आत आहे, आणि गोव्यात त्याला बाधणाऱ्या गोष्टीही आतच आहेत.

शिकागोच्या सीबर्ग कंपनीने १९४८ मध्ये एम-१००-ए आणला. एका यंत्रात शंभर गाण्यांची निवड देणारा तो पहिला ज्यूकबॉक्स. १९५० च्या एम-१००-बी मध्ये मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या आल्या आणि १९५५ मध्ये हा व्ही-२००: शंभर तबकड्या, दोन्ही बाजू, म्हणजे दोनशे निवडी. तुलनेसाठी, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असलेला बुडबुड्यांच्या नळ्यांचा वुर्लिट्झर १०१५ (१९४६) चोवीसच तबकड्या ठेवतो आणि त्यांची एकच बाजू वाजवतो. शोभेसाठी १०१५ घ्या, ऐकण्यासाठी सीबर्ग.

व्ही-२०० मध्ये तबकड्या उभ्या रांगेत असतात. त्यांच्यापुढून रुळावर एक कॅरेज डावीकडून उजवीकडे आणि परत अशी येरझार घालते. निवडलेली तबकडी समोर आली की कॅरेज थांबते, एक हात तबकडी रांगेतून काढतो, मधल्या भोकात पकड बसते आणि तबकडी उभीच फिरू लागते. पिकअपला दोन्ही बाजूंना सुई आहे. तबकडी कुठल्या दिशेने फिरते त्यावरून डावी बाजू वाजणार की उजवी, हे ठरतं. आणि ही दिशा कॅरेजच्या येरझारीतून आपोआप मिळते: मोटर सुलटी फिरते तेव्हा कॅरेज एका दिशेला जाते आणि एक बाजू वाजते, टोकाला स्विच दाबला जाऊन मोटर उलटी फिरली की परतीच्या वाटेवर दुसरी बाजू. एका मोटरकडून दोन निर्णय करून घेतलेले आहेत. म्हणूनच गाणी बटणं दाबल्याच्या क्रमाने लागत नाहीत, रांगेतल्या जागेच्या क्रमाने लागतात. हा दोष नाही. हॉटेलात ठेवणार असाल तर गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवा.

आता त्याची स्मृती. वीस अक्षरं आणि दहा आकडे, अशी बटणं. अक्षर दाबलं की ते खाली अडकून राहतं, मग आकडा. दोन्ही संपर्क एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे दोन्ही दाबल्याशिवाय मंडल पुरं होत नाही. संगणकात ‘आणि’ म्हणून जे चालतं ते इथे पितळी पट्ट्यांनी केलेलं आहे. मंडल पुरं झालं की भारलेला कपॅसिटर एका झटक्यात त्या अक्षराच्या आणि त्या आकड्याच्या तारेतून रिकामा होतो. या तारांच्या जाळीत दोनशे छोटी फेराइटची कडी ओवलेली आहेत, प्रत्येक निवडीला एक. नुसत्या एका तारेतला प्रवाह कड्याचं चुंबकत्व उलटवायला पुरत नाही. दोन तारा जिथे एकत्र येतात तिथलं एकच कडं उलटतं. सीबर्गने या जाळीला टॉरमॅट नाव दिलं.

वाचन कॅरेज करते. जाता जाता तिचे संपर्क टॉरमॅटच्या संपर्कांवरून घासत जातात आणि प्रत्येक कड्याला परत मूळ स्थितीत नेणारा झटका देतात. कडं आधीच मूळ स्थितीत असेल तर काहीच घडत नाही. उलटलेलं असेल तर ते पलटताना वाचनाच्या तारेत बारीकसा स्पंद उठतो, तो थायरेट्रॉन (वायू भरलेला, स्विचसारखं काम करणारा व्हॉल्व्ह) पेटवतो, थायरेट्रॉन सोलेनॉइड (वीज मिळताच दांडा ओढणारी कॉइल) ओढतो, सोलेनॉइड खीळ सोडतो आणि गिअर कॅरेज ढकलायचे सोडून तबकडी उचलण्याकडे वळतात. वाचताना निवड आपोआप पुसलीही जाते. वेगळं खोडायला काही लागत नाही.

गोव्यासाठी या रचनेचा एक मोठा फायदा आहे. कड्यातलं चुंबकत्व विजेवर टिकत नाही, स्वतःच टिकतं. जुलैत लाईट गेली, रात्रभर आली नाही, तरी दाबलेली गाणी सकाळी तशीच असतात. व्हॉल्व्ह तापू द्या, कॅरेज निघते आणि राहिलेली गाणी वाजवते. खिट्या उठवून ठेवणाऱ्या इतर कंपन्यांच्या यंत्रांतही निवड टिकते, पण खिट्यांवर वंगण आणि गंज बसतो, आणि खिटी अर्धवट उठली की तबकडी चुकते. टॉरमॅटमध्ये हलणारा भागच नाही. या भागाला आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळे होतो.

विजेचं मात्र तसं नाही. यंत्र अमेरिकेचं, ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. विकणारा सोबत स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर देतो आणि काम झालं म्हणतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मोटरचा वेग हर्ट्झशी बांधलेला आहे, त्यामुळे ४५ ऐवजी तबकडी ३७.५ फेऱ्यांनी फिरते. काळी चारमधलं गाणं पांढरी चारच्याही किंचित खाली उतरतं आणि गाणारी बाई पुरुषासारखी ऐकू येते. दुकानात ऐकताना हे ओळखीच्या तबकडीवरच कळतं, म्हणून एक सोबत घेऊन जा. पुली किंवा घर्षणावर चालणाऱ्या जागी मोटरकडच्या भागाचा व्यास १.२ पट केला तर वेग जमतो. चांगला लेथवाला हे करून देतो, पण आधी निर्यातीच्या यंत्रांसाठी बनवलेला ५० हर्ट्झचा मूळ भाग शोधावा.

वेग जमला तरी यंत्राच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचा प्रश्न राहतो. ६० हर्ट्झसाठी बनवलेला गाभा ५० वर पूर्ण ११७ व्होल्ट घेतो तेव्हा लोखंड चुंबकत्वाने भरून येतं आणि उष्णता वाढते. तो सुखरूप राहायचा तर साधारण ९७ व्होल्टच द्यावे लागतील, आणि मग अॅम्प्लिफायर आणि सोलेनॉइड दोन्ही उपाशी. ट्यूबलाइटचे चोकही तसेच तापतात. नेमप्लेटवर ५०/६० लिहिलेलं असेल तर चिंता नाही. नुसतं ६० असेल तर शुद्ध साइन वेव्हचा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ देणारा कन्व्हर्टर घ्या, नेमप्लेटवरच्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा. त्याने मोटर, ट्रान्सफॉर्मर, चोक, सगळं एकदम मार्गी लागतं आणि लेथवाल्याकडे जावंच लागत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: कन्व्हर्टरचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरा, नंतर आठवू नका.

खरेदीच्या वेळी प्लग थेट लावू देऊ नका. सत्तर वर्षांचे कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळके असतात. ते बदललेले नसतील तर वीज देण्याआधी बदलायचे. पहिल्यांदा वीज देताना लाईनमध्ये १०० वॉटचा पिवळा दिवा एकसरीत जोडा. दिवा लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. सेलेनियम रेक्टिफायर जळाला तर सडक्या लसणासारखा वास येतो आणि तो धूर विषारी आहे. त्याजागी सिलिकॉन डायोड घाला, पण सोबत एकसरीत रेझिस्टर हवाच, कारण डायोडमागे व्होल्ट जास्त निघतात. बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत आणि टॉरमॅटला झटका देणाऱ्या कपॅसिटरात जीवघेणा भार उरतो. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने तो उतरवल्याशिवाय हात घालू नये. प्लग दोन पिनांचा असतो, तिसरी अर्थिंगची तार सांगाड्याला जोडून घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी पायांनी क्रोमला हात लावणारी माणसं आपल्याकडे असतात.

तीस बटणं तपासायला दोनशे गाणी ऐकायची गरज नाही. एका अक्षराचे दहाही आकडे दाबा, मग एका आकड्याची वीसही अक्षरं. एकोणतीस निवडी होतात. एका अक्षराचं काहीच लागत नसेल तर त्या अक्षराचं बटण किंवा तार गेली. एका आकड्याचं काहीच लागत नसेल तर त्या आकड्याची. एकच निवड चुकत असेल तर टॉरमॅटवरचा तेवढाच संपर्क मळलेला आहे. जातानाची सगळी गाणी लागतात आणि येतानाची एकही नाही, तर मोटर उलटवणारा स्विच बघा. कॅरेज न थांबता येरझारा घालत राहिली तर बहुधा थायरेट्रॉन थकलेला असतो. आणि न निवडलेल्या तबकडीवर थांबत असेल तर खीळ घट्ट बसत नाही किंवा सोलेनॉइडचा दांडा चिकट झाला आहे.

चिकटपणा हा या यंत्रांचा मोठा रोग. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं आणि मग लोक वरून तेल सोडतात. तेलाने चार दिवस चालतं, पाचव्या दिवशी जास्तच आवळतं. गिअर सोडून, रॉकेलने धुऊन, सुकवून नवं ग्रीस लावणं हाच उपाय. खोबरेल तर चुकूनही नको, ते खवट होतं आणि थंडीत थिजतं. मोटरखालची रबरी बुशिंगं हाताने दाबून बघा. गुळाच्या काकवीसारखी झाली असतील तर मोटर खाली बसलेली असते, घरघर स्पीकरमध्ये येते आणि गिअर तिरपे लागतात. बुशिंगं स्वस्तात मिळतात, पण ती न बदलता विकलेलं यंत्र ‘रिस्टोअर केलेलं’ म्हणवून घेण्याच्या लायकीचं नाही.

संपर्कांना पॉलिशपेपर लावू नये. चांदीचा मुलामा एकदा घासला गेला की परत येत नाही. साध्या कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून दोन पत्र्यांमधून ओढली की काळपट थर उतरतो. कळंगुट-हणजुणेसारख्या किनाऱ्यालगतच्या जागी हे काम दर तीन महिन्यांनी, फोंडा-डिचोलीकडे सहा महिन्यांनी पुरे. खारा वारा सगळ्यात आधी बटणांचे आणि रिलेचे संपर्क खातो.

बल्कावात, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीत, ठेवायची हौस पुष्कळांना होते. ठेवू नका. जून ते सप्टेंबर प्लायवूड फुगतं, स्पीकरचा कागदी कोन मऊ पडतो आणि तबकड्यांवर बुरशी येते. आतल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर लांब, खाली लाकडी ठोकळे. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर चालवलं की व्हॉल्व्हच्या उष्णतेने आतला दमटपणा निघतो. चालवणं जमणार नसेल तर आत २५ वॉटचा छोटा दिवा पेटता ठेवा. चवथीनंतर एकदा मागचं दार उघडून वाळवीची माती दिसते का ते पाहा.

नाण्यांचा नाद सोडा. नाणी पारखणारी पेटी अमेरिकन मापांची आहे आणि लोखंडी बनावट नाणी पकडायला तिच्यात चुंबक असतो. आपलं रुपयाचं आणि दोन रुपयांचं स्टीलचं नाणं चुंबकाला चिकटतं. यंत्राच्या लेखी ते खोटंच. क्रेडिट मोजणारं दातेरी चाक मात्र काढू नका. त्याला पुढे ढकलणारी कॉइल एका पुशबटणाला जोडा, म्हणजे काउंटरवरून गाणी ‘देता’ येतात.

तबकड्यांचं सांगायचं तर व्ही-२०० ला ३८ मिलिमीटरचं मोठं भोक लागतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा जुन्या घरांतून मिळणाऱ्या भारतीय ४५ च्या तबकड्यांना बहुधा लहान भोक असतं. भोक मोठं करताना केंद्र अर्धा मिलिमीटर जरी सरकलं तरी लांब सूर लाटेसारखा डोलतो, आणि नाट्यगीतातली ठेहराव असलेली जागा ऐकवत नाही. यासाठी केंद्र धरणारं खास कापणीयंत्र वापरा, ड्रिल नको. आधी खराब तबकडीवर हात बसवा. लोर्ना, ख्रिस पेरी, आल्फ्रेड रोज, मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी अशा गोव्याच्या कलाकारांच्या छापील ईपी तबकड्या पुन्हा निघणार नाहीत. पिकअप मोनो आहे, सुई वरखाली फारशी लवत नाही, त्यामुळे स्टिरिओ तबकडी यात घातली तर तिची खोबण झिजते. फक्त मोनो घाला. भारतीय ईपीच्या एका बाजूला बहुधा दोन गाणी असतात, तेव्हा एका निवडीत दोन्ही वाजतात.

दुरुस्तीला एक माणूस पुरत नाही. व्हॉल्व्ह रेडिओ जाणणारा कारागीर अॅम्प्लिफायर आणि टॉरमॅटची बाजू सांभाळतो, कॅरेजसाठी टाइपरायटर किंवा शिलाईमशीन उघडलेला हात हवा. पणजी-मडगावात दोन्ही अजून सापडतात, पण दोघांना एकाच दिवशी बोलवा. नाहीतर एक म्हणतो सोलेनॉइडला वीज पोचत नाही, दुसरा म्हणतो खीळ अडकली आहे, आणि यंत्र महिनाभर उघडं पडतं.

किमतीबाबत एवढंच: टॉरमॅट शाबूत, कॅरेज सरळ आणि नेमप्लेट ५०/६० असेल तर क्रोम उडालेलं, काच तडकलेली असली तरी घ्या. क्रोम नवं होतं. चकाकणारं यंत्र, ज्याची कॅरेज हाताने ढकलली तर रुळाच्या एका जागी अडते, ते तिथेच सोडून या.