लामाच्या लोकरीचं ब्लँकेट म्हणून १७,७०० रुपये गेले

ठाण्यात प्रदर्शनांमधून खरेदी करणाऱ्यांनी प्लीज वाचा. मागच्या महिन्यात स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये एका स्टॉलवरून लामाच्या लोकरीचं, हाताने विणलेलं डबल बेडचं ब्लँकेट बुक केलं, १४,५०० ला, आणि उशीचे दोन अभ्रे ३,२०० ला. १०,००० तिथेच यूपीआय केले, उरलेले ७,७०० "माल निघाला" असा फोन आल्यावर. पावती मागितली तर म्हणे पार्सलमध्ये येईल. पावती हातात आल्याशिवाय रुपया सोडू नका.

हौस म्हणून नाही घेतलं हो. सासूबाईंना एसीत थंडी वाजते आणि मेंढीच्या लोकरीने अंगाला खाज सुटते, लामाच्या लोकरीत लॅनोलिन (लोकरीतला मेणचट पदार्थ) फार कमी असतं हे वाचलेलं म्हणून घेतलं. सॅम्पलचा तुकडा मऊ होता, खराच असणार तो.

पण मला तिथेच कळायला हवं होतं!! मी विचारलं लोकर येते कुठून, तर तो म्हणाला, "ताई, तिबेटमध्ये लामा असतात ना, तिकडची." तिबेटमधले लामा म्हणजे भिक्खू! लामा हा प्राणी अँडीजमधला, पेरू-बोलिव्हियाचा, मीच मुलाकडून पाठ करून घेतलंय. ऐकलं, खटकलं, आणि तरी फोन काढून पिन टाकला. रोज रात्री तेच वाक्य आठवतं.

आलं ते चकचकीत, कडांना मशीनचं ओव्हरलॉक, अंधारात झटकलं की ठिणग्या. एक धागा जाळला तर वितळून काळा कडक मणी झाला. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. सॅम्पलचा नाही, जो नग घेताय त्याचाच धागा जाळून बघा.

पोलिसांकडे गेले तर साहेब राउंडला. दुसऱ्या दिवशी "हद्द आमची नाही", तिसऱ्या दिवशी जिथे पाठवलं तिथे "मॅडम, वस्तू मिळाली ना, मग हे सिव्हिल मॅटर". बँकेत तर "पिन तुम्हीच टाकलात". हॉलवाले म्हणे आम्ही फक्त जागा भाड्याने देतो, नाव-पत्ता देणार नाही. अरे मग माणसाने जायचं कुठे? तीन दिवस हाफ डे टाकून हेलपाटे घातले, साधा अर्जावर शिक्का मिळाला नाही. पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मी चार दिवस घालवले, तोवर पैसे खात्यातून पुढे गेलेले असतात.

आता ग्राहक आयोगात जातेय, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. माझ्याकडे दोन स्क्रीनशॉट आणि ते ब्लँकेट आहे. त्याच स्टॉलवरून अजून कोणी घेतलं असेल तर मेसेज करा, आणि ते ब्लँकेट फेकू नका.