पडद्यावरचं ‘घट्ट रक्त’ आणि साडेचौदा हजार रुपये

‘रक्ताचा एक थेंब, आजार डोळ्यांसमोर’ असे फलक लावून तालुक्याच्या गावांत मंगल कार्यालयांमध्ये शिबिरं भरतात. तपासणी फुकट. अशाच एका शिबिरात माझ्या आईकडून साडेचौदा हजार रुपये काढले. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे ही हातचलाखी कशी चालते ते नीट सांगता येईल.

आईचा जन्म शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवण्यात, उभ्याने गेला. पायाच्या शिरा फुगलेल्या, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडलेली आणि तिथेच एक जखम, भरायची नि पुन्हा उघडायची. डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, झाली होती, शिरांच्या झडपा निकामी झाल्याचं निदान होतं, दाबाचे मोजे चालू होते. उन्हाळ्यात या मोज्यांचा तिला भारी जाच. हे तिने तिथे बोलून दाखवलं आणि गिऱ्हाईक पक्कं झालं.

पांढऱ्या कोटातल्या पोराने बोट टोचलं, चांगलं पिळलं, थेंब काचेवर घेतला. मग नाव, वय, जेवण काय, झोप लागते का, अशी लांबण. काच तशीच पडून. बऱ्याच वेळाने ती सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि टीव्हीवर दिसले प्लेटलेट्सचे पुंजके, नाण्यांच्या चवडीसारख्या रचलेल्या तांबड्या पेशी. “मावशी, रक्त घट्ट झालंय. हेच पायात साचतं.” मग कसलासा काढा पाजला. दुसऱ्या बोटातून न पिळता थेंब घेतला आणि या वेळी लगेच दाखवला. पेशी अगदी सुट्ट्या. मग साडेचौदा हजार घेऊन पुड्या हातात दिल्या.

“अरे, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ना!” आई अजून म्हणते. बघितलं ते खरंच. पण बोट पिळलं की रक्तात ऊतींतला द्रव मिसळतो आणि प्लेटलेट्स लवकर गोळा होतात. काचेला लागल्यावर तर त्या चिकटणारच, रक्त थांबवणं हेच त्यांचं काम. म्हणून मोजणीसाठी आम्ही शिरेतून रक्त घेतो आणि जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये भरतो, तिच्यात रक्त गोठू न देणारं रसायन असतं. एखाद्या पैलवानाचं रक्त काचेवर तसंच ठेवलं तरी पुंजके दिसतील.

यातला थोडा भाग खरा आहे, आणि तोच घातक. शिरांच्या जुनाट आजारात प्लेटलेट्स जास्त चेतलेल्या असतात. अमेरिकेतल्या वूस्टरच्या संशोधकांनी १९९९ साली दाखवलं, की अशा रुग्णांच्या रक्तात प्लेटलेट्स आणि मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी एकमेकींना जास्त प्रमाणात चिकटलेल्या असतात. पण ते फ्लो सायटोमीटर या पेशी एकेक करून तपासणाऱ्या यंत्रावर, पेशींना चमकणारी रसायनं जोडून. मंगल कार्यालयातल्या टीव्हीवर नव्हे. बरं, प्लेटलेट्स शांत केल्या म्हणजे जखम भरते, असंही नाही. न्यूझीलंडमध्ये २५१ रुग्णांवर चाचणी झाली, २०१७ साली निकाल छापून आला: दाबाच्या पट्ट्यांच्या जोडीला रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांची जखम काही लवकर भरली नाही.

पैसे गेले ते गेले. पण त्या पोराने मोजे काढायला लावले. “रक्त मोकळं झालं, आता दाब कशाला?” आईला तेच हवं होतं. पाय सुजला, रुपयाएवढी जखम तळहाताएवढी झाली, पाणी गळायला लागलं. आता दर आठवड्याला दवाखान्यात पट्ट्या बांधून घ्याव्या लागतात.

पावतीवर छापलंय ‘आहार सल्ला : स्वेच्छा देणगी’. केवढी हुशारी! पुड्यांवर ना उत्पादकाचं नाव, ना परवाना क्रमांक, ना मुदतीची तारीख. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, उरलेल्या पुड्या अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या आहेत. पावतीवरच्या नंबरवर फोन लागत नाही.

तुमच्या गावात असं शिबिर लागलं, तर आधी वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. आणि काढ्यानंतरची ती सुट्ट्या पेशींची काच दहा मिनिटं तशीच ठेवून पुन्हा दाखवायला सांगा.