बाटलीचा खर्च उचलायचा कुणी: नॉर्वेची अनामत की आपली प्रमाणपत्रं?

नॉर्वेत अनामतीची यंत्रणा शीतपेय कंपन्या आणि दुकानदार मिळून चालवतात. बाटली विकत घेताना अनामत म्हणून जादा पैसे भरायचे: 2018 मध्ये ते छोट्या बाटलीवर 2 क्रोनर (नॉर्वेचं चलन), मोठीवर 3 असे ठरले. बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत. खरी मेख करात आहे: जितक्या बाटल्या परत येतील तितका कंपन्यांवरचा पर्यावरण कर कमी, 95 टक्क्यांच्या पुढे शून्य. म्हणून बाटली परत यावी ही कंपनीचीच गरज होते.

आपल्याकडे 2022 पासून प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकणाऱ्या कंपन्या पुनर्वापर करणाऱ्या कारखान्यांकडून प्रमाणपत्रं विकत घेतात: इतक्या प्लास्टिकचा पुनर्वापर झाला, याची. उद्योगाचा पैसा येतो, पण कारखान्याच्या दारातच थांबतो. 2023 मध्ये तर बनावट प्रमाणपत्रंही उघडकीला आली.

पहाटे स्टेशनबाहेर बाटली उचलणारी मावशी आधी झाकण काढते, उरलेलं पाणी ओतते, टाचेखाली बाटली चपटी करते आणि पोत्यात कोंबते. तिला मिळतो फक्त भंगारचा भाव, तोही पडता-चढता. तिच्या श्रमाचा मोबदला प्रमाणपत्राच्या किमतीत कुठेच ठरलेला नसतो.

मला अनामतच पटते. महाराष्ट्राने 2018 च्या प्लास्टिकबंदीत बाटलीमागे 1-2 रुपयांची तरतूद केलीही होती, पण दुकानात बाटली परत घेणारं कुणी दिसलं नाही. मात्र यंत्रं आली तर मावशीचं पोतं रिकामं राहील. संकलन केंद्रं आधी कचरावेचकांच्या हाती द्यायला हवीत.