टेली-मानस (१४४१६): पुराची धास्ती आणि दूरध्वनीवरचा आधार

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. पुढे चिखल उपसला गेला, पंचनामे झाले. मात्र पावसाने जोर धरला की रात्रभर जागणारी माणसे तेथील घरांत आजही आहेत. माझ्या थोरल्या जाऊबाई त्यांपैकीच एक असल्याने आम्ही ‘टेली-मानस’ या, दूरध्वनीवरून मानसिक आधार देणाऱ्या सरकारी सेवेची मदत घेतली.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा चोवीस तास आणि विनाशुल्क मिळते, तिला बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचे मार्गदर्शन आहे आणि मराठीचा पर्याय निवडता येतो. मला सर्वांत मोलाचे वाटले ते समुपदेशक ताईंचे ऐकणे. ‘झाले गेले विसरा’ असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि त्या रात्रीची हकीकतही त्यांनी खोदून विचारली नाही. ज्याला सांगायचे नाही त्याच्याकडून प्रसंग वदवून घेऊ नये, हे मानसिक प्रथमोपचाराचे मूलभूत तत्त्व त्यांनी कसोशीने पाळले. झोप, जेवण, सोबतीला कोण असते, एवढेच विचारून त्यांनी समजावले की आपत्तीनंतरची भीती बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ओसरते, परंतु दुःस्वप्ने, दचकणे आणि त्या आठवणी टाळण्याची धडपड महिन्याहून अधिक काळ टिकून रोजचे व्यवहार अडू लागले, तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. जाऊबाईंना त्यांनी जिल्हा रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला, आणि दुखणे खरे आहे हे कुणीतरी मान्य केल्याने त्या जायला तयारही झाल्या.

मर्यादा आहे ती दूरध्वनीचीच. ऐन पुरात वीज जाते, रेंज जाते, आणि निवाऱ्यासाठी शाळेच्या एकाच वर्गात दाटीवाटीने राहणाऱ्या बाईला मनातले बोलायला आडोसा कुठून मिळणार? शिवाय स्वतःहून क्रमांक फिरवण्याइतके बळ ज्याच्यात उरलेले नाही, त्याच्यापर्यंत ही सेवा आपण होऊन पोहोचत नाही. ते काम गावातल्या आशाताईच करू शकतात आणि त्यासाठी त्यांना वेगळे प्रशिक्षण व मानधन मिळायला हवे. मृतदेह बाहेर काढणारे, दिवसरात्र राबणारे बचावपथकातील तरुण तर मदत मागायलाच संकोचतात. त्यांनीही या क्रमांकाचा उपयोग जरूर करावा.

सेवा उत्तम आहे, म्हणूनच पूरग्रस्तांना वाटल्या जाणाऱ्या धान्याच्या प्रत्येक पाकिटावर १४४१६ हा क्रमांक ठळक मराठी अक्षरांत छापावा, अशी माझी प्रशासनाला आग्रहाची विनंती आहे.