कुत्र्याच्या पिल्लासाठी पाकिटातलं खाणं की घरचा चिकन-भात?

दोन महिन्यांचं पिल्लू घरी आलं की हा पेच पडतोच. खरा फरक आहे कॅल्शियमचा. पिल्लाच्या आहारात ते फॉस्फरसपेक्षा कमी असून चालत नाही, आणि नुसत्या चिकन-भातात ते कितीतरी पटीने कमी असतं. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. पाय वाकतात, साध्या उडीनेही हाड मोडू शकतं. दुधाने ही तूट भरत नाही, उलट बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. अंड्याच्या टरफलांची बारीक पूड चालते, पण मोजून: 5 ग्रॅममध्ये जवळपास 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. लॅब्रेडॉरसारख्या मोठ्या जातींत जास्तीचं कॅल्शियमही हाडं-सांधे बिघडवतं.

पाकिटात हे प्रमाण जुळवलेलं असतं. पुढचं चित्र सोडा, मागे वाचा: वाढीच्या वयासाठी संपूर्ण आहार, प्रथिनं किमान 22 टक्के. सुटं घेऊ नका. पावसाळ्यात ते सादळतं, खवट होतं.

खर्च किलोवर नको, दिवसावर काढा. 100 ग्रॅम कोरड्या खाण्यात साधारण 350 ते 400 कॅलरी असतात, शिजलेल्या चिकन-भातात 150च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच कॅलरींसाठी घरचं खाणं वजनाने दुपटीहून जास्त लागतं.

कष्ट? कोरडं खाणं कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवलं की झालं. घरचं रोज वेगळं शिजवावं लागतं. कांदा-लसणाचा रस्सा अजिबात नको.

दिवसभर नोकरी असेल किंवा पिल्लू मोठ्या जातीचं असेल, तर पाकीटच घ्या. पशुवैद्याकडून प्रमाण लिहून घेऊन रोज वजनकाट्यावर मोजणार असाल, तर घरचं जरूर द्या. बदल मात्र सात दिवसांत, थोडं थोडं मिसळत करा.